ट्रॅक गेला, वळण उरलं

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून वेब्रिजला जायला अर्धा-पाऊण तास लागतो. सरे परगण्यातलं हे सुखवस्तू गाव. मोठ्या बागांची घरं, त्याहून मोठी झाडं आणि एकूण आवाज न करण्याची रीत. स्टेशनातून उतारावर वीस-पंचवीस मिनिटं चाललं की ब्रुकलंड्स येतं. उतरायचं राहून गाडीत बसूनच राहिलात तरी हरकत नाही. वेब्रिजच्या पुढे रूळ आणि जुना ट्रॅक काही अंतर शेजारीशेजारी जातात. त्या पट्ट्याचं नावच ‘रेल्वे स्ट्रेट’.

मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला जगातला पहिला ट्रॅक इथे १९०७ साली सुरू झाला आणि १९३९ साली बंद पडला. बंद पडलेले ट्रॅक युरोपात पुष्कळ आहेत. त्यांचे अवशेष शोधत हिंडणाऱ्यांची एक जमातच आहे. मी त्यातला मुरलेला नाही, पण ब्रुकलंड्स, फ्रान्समधलं रँस आणि इटलीतलं मोंझा एवढं जोडून पाहिलं आणि एक प्रश्न सारखा डोक्यात घोळत राहिला. शर्यत बंद झाल्यावर कुठे भिंत उरते, कुठे रस्ता उरतो आणि कुठे काहीच उरत नाही, हे ठरवतं कोण? उत्तर मोटारींच्या इतिहासात कमी आणि सातबाऱ्यात जास्त सापडतं.

ब्रुकलंड्सची जमीन ह्यू लॉक किंग या जमीनदाराची. त्या काळी इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारीला ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची मर्यादा घातलेली होती. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायचा प्रश्नच नव्हता. फ्रान्स आणि इटलीत गावागावांतून शर्यती धावत होत्या, तिथले कारखाने त्यातून शिकत होते आणि इंग्रजी गाड्या मागे पडत होत्या. इटलीतली शर्यत पाहून आलेल्या लॉक किंगने ठरवलं की रस्ता सरकारचा असेल, पण शेत माझं आहे. नदीकाठच्या आपल्या दलदलीच्या जमिनीवर त्याने पावणेतीन मैलांचा, म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटरचा लंबवर्तुळासारखा ट्रॅक बांधायला घेतला. रुंदी शंभर फूट. आराखडा कर्नल केपल होल्डन या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याचा. जवळपास दोन हजार मजूर लावून काम नऊ महिन्यांत उरकलं. खर्च दीड लाख पौंडांच्या घरात गेला आणि लॉक किंग त्यात पार बुडायच्या बेताला आला. व्यवहार सांभाळला तो त्याच्या बायकोने, एथेलने. उद्घाटनाच्या मिरवणुकीत ती स्वतः गाडी चालवत पुढे होती.

आता या ट्रॅकचा जो तुकडा धड उभा आहे तो म्हणजे ‘मेंबर्स बँकिंग’. ब्रुकलंड्स म्युझियमच्या आवारातून त्यावर चढता येतं. बँकिंग म्हणजे वळणावर बाहेरच्या बाजूने उचललेला रस्ता, वेगात असलेली गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मोटारसायकल ज्या तत्त्वावर भिंतीला चिकटून फिरते तेच तत्त्व, फक्त भिंत इथे थोडी आडवी झालेली. वरच्या कडेची उंची जवळपास तीस फूट. फोटोत हे सौम्य दिसतं. खाली उभं राहिलं की कळतं, वर जायला पुढे वाकावं लागतं आणि उतरताना नकळत पळत सुटायला होतं. वरच्या कडेपाशी शेवाळ आहे, पावसानंतर तिथे जाण्याचा उत्साह दाखवू नये.

पायाखाली पाहिलं तर काँक्रीटच्या लाद्या दिसतात, आणि त्या सपाट नाहीत. इतक्या तिरक्या भिंतीवर डांबरी थर अंथरायचं तंत्र तेव्हा हाताशी नव्हतं, म्हणून सळया न घालता साधं काँक्रीट जागेवर ओतलं. खाली भरावाची माती. ती बसत गेली, लाद्या वरखाली झाल्या, आणि दर हिवाळ्यात डागडुजी हा नेम झाला. जिथे ट्रॅक वे नदी ओलांडून जात असे तिथे तर असा उंचवटा तयार झाला होता की वेगातल्या गाडीची चारही चाकं जमीन सोडत. जॉन कॉब या चालकाच्या नेपियर-रेल्टन गाडीचा हवेतला फोटो प्रसिद्ध आहे. तो पूल आता नाही. त्याच्या जागेपाशी उभं राहून नदीकडे पाहिलं तर एवढ्याशा पाण्यावरून गाड्या उडत होत्या यावर विश्वास बसत नाही.

ती नेपियर-रेल्टन मात्र म्युझियममध्येच आहे, आणि मला विचाराल तर तिकिटाचे पैसे तिच्यापाशीच वसूल होतात. विमानाचं बारा सिलिंडरचं, चोवीस लिटरचं इंजिन आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना. ७ ऑक्टोबर १९३५ रोजी कॉबने हिच्यात बसून ताशी १४३.४४ मैल, म्हणजे जवळपास २३१ किलोमीटर सरासरीने एक फेरी मारली. हा विक्रम कधीच मोडला नाही, कारण मोडायला ट्रॅक राहिला नाही. त्याच वर्षी के पेट्री या जेमतेम पाच फुटांच्या बाईने साडेदहा लिटरची देलाज गाडी ताशी १३४.७५ मैलांनी फिरवली. पाय पोचावेत म्हणून पेडलना ठोकळे जोडावे लागले होते. पुढे ग्वेंडा हॉक्सने तिच्यावर ताशी सव्वा मैलाने मात केली. ब्रेसलेटच्या बक्षिसाची बायकांची शर्यत इथे १९०८ मध्येच झाली होती आणि ती म्युरिएल थॉम्प्सनने जिंकली होती, पण त्यानंतर कितीतरी वर्षं बायकांना क्लबच्या शर्यतींपासून दूरच ठेवण्यात आलं. म्युझियममध्ये हे सगळं नीट मांडलेलं आहे, जरा जास्तच कौतुकाने.

इथल्या शर्यती भरवणारा हा क्लब होताच तसा. मोटारींची शर्यत कशी भरवायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळं घोड्यांच्या शर्यतीवरून उचललं. चालक जॉकीसारखे रंगीत अंगरखे घालत, गाड्या जिथे उभ्या राहत त्या जागेला पॅडॉक म्हणत, आणि बुकी तर होतेच. ‘योग्य लोक आणि गर्दी नाही’ अशा अर्थाची जाहिरात इथे अभिमानाने केली जाई. तो ‘पॅडॉक’ आज फॉर्म्युला वनच्या प्रत्येक शर्यतीत आहे. त्याचा मूळ घोडा कुणाला आठवत नाही.

पण आवारात हिंडताना मला सगळ्यात भावला तो पहिल्या उन्हाळ्यातला एस. एफ. एज याचा प्रकार. उद्घाटनाला पंधरा दिवस होत नाहीत तोच हा गृहस्थ नेपियर गाडी घेऊन चोवीस तास एकट्याने फिरत राहिला. रात्री वळण दिसावं म्हणून ट्रॅकच्या कडेने रेल्वेचे तीनशेहून जास्त लाल कंदील मांडले होते. त्याने १,५८१ मैल कापले, सरासरी ताशी ६५.९ मैल. बाहेरच्या रस्त्यावर २० मैलांच्या वर गेलं की दंड, आणि आत एक माणूस रात्रभर त्याच्या तिप्पट वेगाने गोल गोल फिरतोय. शेजाऱ्यांची झोप उडाली ती कायमची. कोर्टकचेऱ्या झाल्या. विसाच्या दशकात गाड्यांना मोठे सायलेन्सर लावण्याची सक्ती झाली. त्या माशाच्या शेपटीसारख्या नळीला पुढे ‘ब्रुकलंड्स कॅन’ असं नावच पडलं.

पर्सी लँबर्टची हकिकत इथे प्रत्येकाला सांगितली जाते. फेब्रुवारी १९१३ मध्ये एका तासात शंभर मैलांहून जास्त अंतर कापणारा तो जगातला पहिला माणूस. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, पुन्हा विक्रमाच्या प्रयत्नात टायर फुटून तो इथेच गेला. त्याचं भूत रात्री हिंडतं असं म्युझियमचे स्वयंसेवक सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा इतका सरळ असतो की हसावं की नाही ते कळत नाही.

मग ट्रॅक मेला कशाने? अपघातांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही. मारलं विमानांनी. मधल्या मोकळ्या मैदानात १९०७-०८ मध्येच ए. व्ही. रो या तरुणाने शेड टाकून विमान उडवण्याची खटपट चालवली होती. तेव्हाच्या व्यवस्थापनाला तो नकोसा झाला आणि त्याला तिथून जावं लागलं. पण काही वर्षांतच विमानवाले परतले आणि मैदान त्यांनी व्यापलं. पहिल्या महायुद्धात विकर्सचा कारखाना आला. नोव्हेंबर १९३५ मध्ये, म्हणजे कॉबच्या विक्रमाला महिना होतो न होतो तोच, हॉकर हरिकेनचं पहिलं उड्डाण इथूनच झालं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या हवाई दलातल्या वैमानिकांनी उडवलेली हरिकेन ती हीच. वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानंही इथलीच, अडीच हजारांच्या आसपास.

ऑगस्ट १९३९ मध्ये शेवटची शर्यत झाली आणि महिन्याभरात युद्ध सुरू झालं. वरून कारखाना दिसू नये म्हणून काँक्रीटमध्ये खड्डे काढून झाडं लावली. हँगरकडे रस्ता हवा म्हणून बायफ्लीट बाजूच्या बँकिंगला खिंडार पाडलं. तरीही ४ सप्टेंबर १९४० च्या हवाई हल्ल्यात कारखान्यातले ऐंशीहून जास्त लोक गेले. युद्ध संपलं तेव्हा ट्रॅक शर्यतीच्या लायकीचा राहिला नव्हता, आणि १९४६ मध्ये सगळी जमीन विकर्सला विकली गेली. शर्यतवाल्यांनी खूप गळा काढला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढला असता, पण खाजगी जमिनीवरच्या खेळाला जमिनीचा मालक बदलला की दाद मागायला जागा नसते. सोय मात्र त्याच युद्धाने करून दिली. देशभर ओस पडलेल्या लष्करी धावपट्ट्या होत्या. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड हे दोन्ही ट्रॅक १९४८ मध्ये अशाच विमानतळांच्या कडेच्या रस्त्यांवर उभे राहिले. आपल्याकडे चेन्नईजवळच्या शोलावरमला हेच झालं. महायुद्धातल्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने काही दशकं शर्यती भरवल्या आणि इरुंगट्टुकोट्टईचा स्वतःचा ट्रॅक झाल्यावर त्या तिकडे नेल्या.

ब्रुकलंड्समध्ये पुढची चाळीस वर्षं विमानं बनत राहिली. आपल्या आधीच्या पिढीने इंडियन एअरलाइन्सच्या ज्या व्हायकाउंटमधून प्रवास केला तिचं डिझाइन इथलं, आणि कॉन्कॉर्डचे मोठाले भागही इथेच तयार झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो कारखानाही बंद पडला. म्हणजे ज्याने ट्रॅक गिळला तोही गेला. आज त्या जमिनीवर कार्यालयं आहेत, एका जर्मन मोटार कंपनीचं भव्य दालन आहे आणि सुपरमार्केटं आहेत. बायफ्लीट बँकिंगचा उरलेला भाग बघायला मी त्याच दुकानांच्या मागे गेलो. पार्किंगच्या पलीकडे झाडीतून अचानक काँक्रीटची भिंत वर चढत जाते. ट्रॉल्या ढकलणाऱ्या लोकांचं तिच्याकडे लक्षही नसतं. मला हे म्युझियमच्या आतल्या झाडून पुसून ठेवलेल्या तुकड्यापेक्षा खरं वाटलं.

आत एक गोष्ट मात्र त्यांनी फार चांगली केली आहे. युद्धकाळात घाईने उभारलेलं एक विमानाचं हँगर नेमकं शर्यतीच्या शेवटच्या सरळ पट्ट्यावर, ‘फिनिशिंग स्ट्रेट’वर बसलं होतं. ते उचलून बाजूला नेलं, दुरुस्त केलं आणि २०१७ मध्ये तो पट्टा पुन्हा मोकळा केला. हँगर पाडलं नाही, कारण आता तेही जुनं झालं, तेही जपायचं. जवळच ‘टेस्ट हिल’ आहे, गाड्यांची चढण्याची ताकद आणि ब्रेक तपासायला १९०९ साली बांधलेला चढ. शेवटचा टप्पा चारास एक. आपल्या घाटांत गाडी चालवलेल्यालाही तो खालून पाहताना जरा विचार करावा लागेल.

रँसची गोष्ट अगदी उलटी. पॅरिसहून वेगवान गाडीने पाऊण तासात रँस, तिथून पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर गू नावाचं गाव. इथे ट्रॅक कुणी बांधलाच नव्हता. गू, म्युइझों आणि तियुआ यांच्यामधले शेतांतले सार्वजनिक रस्ते त्रिकोणात जोडले आणि १९२६ पासून त्यावर शर्यती सुरू केल्या. वर्षातले थोडे दिवस रस्ता बंद, बाकी दिवस गहू, बीट आणि ट्रॅक्टर. फेरी जलद व्हावी म्हणून आयोजकांनी झाडं तोडली, घरंसुद्धा पाडली. पुढे १९५२ मध्ये गावाला वळसा घालून नवा तुकडा काढला.

आज तुम्ही त्या गावाकडे जाता तेव्हा काहीही सूचना न देता साध्या जिल्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उगवतात. एका बाजूला पांढऱ्या रंगाचे पिट, म्हणजे शर्यतीत गाड्या थांबवायच्या गाळ्यांची रांग, आणि दुसऱ्या बाजूला प्रेक्षकांच्या काँक्रीटच्या गॅलऱ्या. भिंतींवर तेलाच्या आणि टायरच्या जुन्या जाहिराती रंगवलेल्या. मधून लोक कामाला चाललेले. तिकीट नाही, दार नाही. गाडी कडेला लावायची आणि बघायचं.

माझ्या मते शर्यतीच्या इतिहासात एवढ्या गोष्टी घडलेली आणि इतकी उघड्यावर पडलेली दुसरी जागा नाही. १९५३ मध्ये इथेच माइक हॉथॉर्नने फांजिओला एका सेकंदाने हरवलं. ४ जुलै १९५४ ला मर्सिडीज ग्रांप्रीमध्ये परतली ती इथे, आणि पहिले दोन क्रमांक घेऊन गेली. त्याच दुपारी बर्नमध्ये पश्चिम जर्मनीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. युद्ध हरल्याला नऊ वर्षं झालेल्या देशासाठी तो दिवस कसा गेला असेल! १९५८ ची शर्यत फांजिओची शेवटची, आणि त्याच शर्यतीत लुइजी मुसो गूच्या वळणावर गाडी उलटून मरण पावला. १९६१ मध्ये जिअंकार्लो बागेत्ती विश्वविजेतेपदाच्या आपल्या पहिल्याच शर्यतीत पहिला आला. १९६६ मध्ये जॅक ब्रॅबमने स्वतःचं नाव असलेल्या गाडीत बसून जिंकण्याचा मान मिळवला. तसं करणारा तो पहिला. त्यानंतर फ्रेंच ग्रांप्री इथे परतली नाही. गाड्या फार वेगवान झाल्या, आणि सुरक्षिततेसाठी रस्त्याची कड रुंद करायची तर ती शेतकऱ्याच्या शेतातूनच घ्यायला हवी होती. १९७२ पर्यंत उरलंसुरलं सगळं थांबलं.

आणि मग काय झालं? काहीच नाही. रस्ता होता, तो रस्ताच राहिला. जी जमीन कधी शर्यतीची नव्हतीच ती कुणी परत घ्यायचं कारण नव्हतं. इमारती तेवढ्या कुणाच्याच नसल्यासारख्या ढासळत राहिल्या. या शतकात ‘लेझ अमी द्यू सिर्क्वी द गू’ या स्वयंसेवकांच्या मंडळाने त्या हळूहळू सावरायला घेतल्या. झुडपं काढली, रंग दिले. रंग फार ताजे वाटतात अशी तक्रार जुन्या अवशेषांचे भक्त करतात. मला ती पटत नाही. जाहिरात मुळात ताजीच होती.

गूहून तियुआच्या वळणाकडे गाडीने जाता येतं आणि जावंच. सरळ रस्ता मैलोनमैल उतरत आणि चढत जातो. आपण कायद्याच्या वेगाने जात असतो, आणि तरीही कडेला काहीच नाही, ना कठडा, ना भिंत, हे अंगावर येतं.

मोंझाविषयी थोडक्यात, कारण तो ट्रॅक जिवंत आहे आणि त्याच्याविषयी सगळ्यांना ठाऊक आहे. मिलानच्या उत्तरेला जुन्या राजवाड्याच्या विस्तीर्ण उद्यानात १९२२ मध्ये ११० दिवसांत तो बांधला. ठाऊक नसतं ते हे की चालू ट्रॅकला लागूनच त्याचा मेलेला भाग उभा आहे. १९५५ साली काँक्रीटच्या खांबांवर उचलून बांधलेलं लंबवर्तुळाकार वळण. उतार कडेला ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो. ब्रुकलंड्सच्या बँकिंगवर चालता येतं. इथे वरच्या कडेपाशी दोन्ही हात टेकावेच लागतात. ग्रांप्री त्यावर जेमतेम चार वेळा धावली. १९६० मध्ये तर ब्रिटिश संघ या खडबडीत वळणाला घाबरून आलेच नाहीत. १९६१ ला फॉन ट्रिप्स हा चालक आणि प्रेक्षक गेले तो अपघात खरं तर साध्या ट्रॅकच्या वळणाआधी झाला, पण बळी गेला तो बँकिंगचा. फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा त्यावर झाली नाही.

हा भाग वाचला कसा? पाडायचा बेत झाला होता, शर्यतप्रेमींनी आरडाओरडा केला. पण मला वाटतं खरी मदत उद्यानाची झाली. सार्वजनिक उद्यानात कार्यालयं बांधता येत नाहीत, सुपरमार्केट तर नाहीच. जमिनीला दुसरा ग्राहक नसला की जुनं काँक्रीट निवांत उभं राहतं. खांबांच्या खालून वाट जाते. तिथून सकाळी धावायला आलेली माणसं, कुत्री आणि सायकली जातात.

जायचं झालं तर सप्टेंबरच्या सुरुवातीचा ग्रांप्रीचा आठवडा टाळा. त्या वेळी बँकिंगपाशी पोचणंच मुश्कील, आणि मिलानमधल्या खोल्यांचे भाव विचारू नयेत असे. गूला स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवी, नाहीतर त्या त्रिकोणाची गंमत कळत नाही. ब्रुकलंड्सला अर्धा दिवस म्युझियमला द्या, पण निघताना दुकानांच्या मागचा तुकडा चुकवू नका. तिथे कुठलीही पाटी तुम्हाला बोलावत नाही, विचारत विचारतच जावं लागतं.